कुंभार्ली घाट आणि एक बेल्ट

चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावरून कराडचा रस्ता फुटतो. खडपोली, अलोरे, शिरगाव, पोफळी ही गावे मागे पडली की कुंभार्ली घाट सुरू होतो आणि माथ्यावर रत्नागिरी जिल्हा संपून सातारा लागतो. घाट उतरून येणारे पाणी आणि घाट चढून जाणारी माणसे यांची इथे रोज गाठ पडते. कोयना ही मुळात पूर्वेकडे जाणारी नदी. महाबळेश्वरला उगम पावून ती कराडला कृष्णेला मिळते. पण धरण झाल्यापासून तिचे बरेचसे पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवले गेले. ते सह्याद्रीच्या पोटातून खाली येते, पोफळीच्या बाजूला वीज निर्माण करते आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जाते. १९६० मेगावॅट क्षमतेचा हा प्रकल्प रस्त्यावरून फारसा दिसत नाही. दिसतात ते उंच मनोरे, तारा आणि दाट झाडी.

आपल्याकडच्या अनेक कुटुंबांचे नातेसंबंध या घाटाच्या वर-खाली पसरलेले आहेत. खाली चिपळूण, खेड, गुहागर. वर पाटण, कराड, सातारा. लग्न, आजारपण, सुट्टी, मयत, कशासाठी ना कशासाठी घाट चढावाच लागतो. पूर्वी हा प्रवास एसटीनेच व्हायचा. आता घरोघरी बिनगियरची स्कूटर आली आहे. गियर नाही, पायाने करायचे काही नाही, त्यामुळे घरातल्या बायका-मुलींना ती आपली वाटली. १९८० च्या दशकात कायनेटिक होंडाने अशी स्कूटर आपल्याकडे आणली, तेव्हा ती शहरात दिसायची. आज कोकणातल्या लहान गल्लीतही चार उभ्या असतात. पण गियर नसलेल्या या गाडीत इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारी एकच वस्तू असते. तो म्हणजे रबराचा बेल्ट. तो तुटला की इंजिन कितीही गरजले तरी गाडी तसूभर पुढे जात नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघे दोन स्कूटरवर कराडला निघालो होतो. एकीवर आम्ही दोघे, दुसरीवर थोरली लेक आणि तिच्या मागे धाकटा. कराडला आमच्या खाला एकट्या राहतात; त्यांचा मुलगा आखातात नोकरीला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती आणि कागदावर सही करायला घरचे माणूस हवे होते. आदल्या रात्रीपासून थेंब घालायचे होते, तेही त्यांच्या हातून नीट जमत नव्हते. जोहरची नमाज पढून दीड वाजता घर सोडले. भातकापणी आटोपत आली होती, रस्ता कोरडा होता, ऊन सौम्य होते. संध्याकाळी पाचपर्यंत कराड, असा हिशोब होता.

पावणेतीनच्या सुमारास, घाटाचा निम्मा चढ संपल्यावर, एका वळणाच्या थोडे पुढे मागून फटकन आवाज आला. लेकीच्या स्कूटरचे इंजिन एकदम मोठ्याने गुरगुरले आणि गाडी जागच्या जागी थबकली. बेल्ट तुटल्यावर चढणीवरची गाडी थांबून राहत नाही, मागे घसरू लागते. तिने दोन्ही ब्रेक आवळून धरले. धाकट्याने खाली उडी मारून मागच्या चाकाला दगड लावला. मग सर्वांनी मिळून गाडी रस्त्याच्या कडेला, वळणावरून येणाऱ्याला लांबूनच दिसेल अशा सपाट जागी ढकलत नेली. आमची स्कूटर वीस पावले मागे उभी केली, तिचे इंडिकेटर चालू ठेवले आणि लाल ओढणी आरशाला बांधली.

उतारावर बेल्ट तुटला तर धोका वेगळा असतो. तेव्हा इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. अशा वेळी घाबरून एकच ब्रेक कचकन दाबू नये. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वापरून गाडी डोंगराच्या बाजूला घ्यावी.

आमच्याकडे जादा बेल्ट होता आणि तो बदलण्याचे ज्ञानही होते. त्याचे कारण चिपळूणचा पूर. २२ जुलै २०२१ ला शहर पाण्याखाली गेले आणि पाणी ओसरल्यावर गल्लीतली प्रत्येक गाडी चिखलाने भरलेली होती. गॅरेजवाल्यांची स्वतःची गॅरेजेच वाहून गेली होती. ते कोणाकोणाकडे जाणार? तेव्हा मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्री चाचांनी मशिदीच्या पायरीवर बसून सर्वांना सांगितले, ज्याने-त्याने आपली गाडी उघडा, मी बघतो. पोरांबरोबर पोरीही पाना घेऊन बसल्या. आमच्या लेकीने त्या आठवड्यात तीन स्कूटरची बाजूची झाकणे उघडली, आतला चिखल काढला, बेल्ट बदलले. चाचांनी तेव्हाच बजावले होते की बेल्टला वय दोन प्रकारे चढते, किलोमीटरने आणि वर्षांनी. तपासताना चांगला दिसलेला बेल्टही घाटात दगा देऊ शकतो, म्हणून आपल्या गाडीच्या मापाचा एक बेल्ट सीटखाली असावा. तेव्हापासून आमच्या दोन्ही गाड्यांत तो असतो.

बेल्ट घाटातच का तुटतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. पुढे इंजिनाच्या दांड्यावर एक पुली असते, मागे चाकाकडे दुसरी. दोन्हींच्या दोन-दोन थाळ्या जवळ-दूर होतात आणि बेल्ट त्यांच्यामधल्या खाचेत वर-खाली सरकतो. सपाट रस्त्यावर वेगात असताना तो पुढच्या पुलीत कडेपर्यंत चढतो. चढणीवर मात्र तो पुढच्या पुलीत खोल, लहान वर्तुळात फिरतो. तिथे त्याला जास्त वाकावे लागते, ओढ जास्त बसते आणि उष्णता वाढते. दोन माणसे, सामान आणि सलग चढ, असे सारे एकत्र आले की रबर आतून थकते. काही वेळा आधी इशारा मिळतो. चढावर गाडी जड वाटते, झाकणातून फडफड ऐकू येते, जळक्या रबराचा वास येतो. काही वेळा मात्र काहीच कळत नाही.

फोनला रेंज येत-जात होती. आम्ही घड्याळ पाहून ठरवले: पावणेपाचपर्यंत काम झाले तर चौघे एकत्र जाऊ. नाही झाले तर स्कूटर कुलूप लावून इथेच ठेवायची, लेक आणि धाकटा एसटीला हात करतील आणि आम्ही पुढे निघू. अंधार पडल्यावर घाटात थांबायचे नाही. वेळ आधी ठरलेली असली की हात घाई करत नाहीत.

गाडी मेन स्टँडवर घेतली आणि वीस मिनिटे थंड होऊ दिली. तोवर खालांसाठी आणलेल्या नानखटाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचे झाकण वेगळे केले. डाव्या बाजूच्या झाकणाचे बोल्ट आठच्या टी पान्याने निघतात, पण ते सगळे एका लांबीचे नसतात. लेकीने पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढला आणि जो बोल्ट जिथून निघाला, तिथेच तो पुठ्ठ्यात खोचला. लांब बोल्ट आखूड जागी पिळला गेला तर आटे जातात. हे एवढेसे काम पुढचा तासभर वाचवते. झाकण तळहाताने ठोकून सैल केले. त्यातल्या छोट्या पिना आणि कडेचे पॅकिंग पुठ्ठ्याशेजारी रुमालावर ठेवले. माकडांची टोळी एव्हाना कठड्यावर येऊन बसली होती. नानखटाई आणि सांदणांचा डबा सांभाळण्याचे काम धाकट्याकडे गेले.

आत बेल्टचे दोन तुकडे आणि दोऱ्यांचा गुंता होता. मागच्या क्लचच्या दांड्याभोवती दोरे गुंडाळलेले होते. ते सर्व हाताने आणि जुन्या दातांच्या ब्रशने काढले. एक तुकडा जरी आत राहिला तरी तो नव्या बेल्टला फाडू शकतो. पुसायला कोरडा फडका. पेट्रोल, ऑइल, ग्रीस यांतले काही पुलीच्या थाळीला लागू द्यायचे नाही, नाहीतर बेल्ट घसरतो.

अडचण आली ती पुढच्या पुलीच्या नटापाशी. हा नट फार घट्ट असतो आणि तो फिरवताना पुलीही फिरते. काही जण पंख्याच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवतात. पाते तुटते आणि बेल्टच्या खर्चात पुलीचा खर्च वाढतो. पुली धरणारा होल्डर आमच्याकडे होता, नटाच्या मापाची गोटी होती, पण पान्याचा दांडा हातभरही नव्हता. दोघांनी मिळून जोर लावला. नट हलला नाही. सव्वातीन वाजले, साडेतीन वाजले. दोन मोटारी थांबल्या, त्यांनी विचारपूस केली, पाण्याची बाटली दिली. त्यांच्याकडे लांब दांडा नव्हता.

मग वरून एक भाजीचा टेम्पो आला. काचेवर जोतिबाचे चित्र, मागे कोबीच्या गोण्या. चालकाने वेग कमी करून डोके बाहेर काढले.

“काय झालं पाव्हणं? पेट्रोल संपलं व्हय?”

“बेल्ट तुटला, दादा. नट निघत नाही.”

त्याने टेम्पो कडेला घेतला, खाली उतरून नटाकडे पाहिले आणि सीटच्या मागून दीड हात लांबीचा लोखंडी पाइप काढला. तो पान्याच्या दांड्यावर चढवला. लेकीने होल्डर धरला. त्याने झटका न देता, अंगाचा भार हळूहळू टाकला. कुर्र आवाज करून नट सैल झाला. सगळे मिळून मिनिटभराचे काम.

“आता लावताना बी ह्यो लागंल,” तो म्हणाला. “पर मला थांबाया जमणार न्हाई. माल पाचाच्या आत चिपळुणात उतरवायचाय.”

आम्ही म्हणालो, “मग पाइप घेऊन जा, दादा. तुमचे फार उपकार झाले.”

“ठिवा की. वर हेळवाकच्या नाक्यावर चहाची टपरी हाय, तिथं ठिवून जावा. रातच्याला परतताना उचलीन.”

“टपरीवर नाव काय सांगायचं?”

“पाइपवाला टेम्पो म्हणा. वळखत्यात.”

एवढे बोलून तो गेला. आम्ही कोण, कुठले, टपरीपर्यंत पोहोचू की नाही, त्याने विचारले नाही. आमचे कपडे, नाव, भाषा यांतून त्याला जे कळायचे ते कळलेच असेल. त्याचा पाइप आमच्या हातात होता आणि आता तो आमच्याकडे अमानत होता.

पुढचे काम बसवण्याचे. पुलीची बाहेरची थाळी काढताना आतला भाग ओढला जाऊ नये, तो एका हाताने आत दाबून धरावा. तो सुटला तर त्यातले रोलर जागेवरून निसटतात आणि मग सगळे उघडून पुन्हा बसवावे लागते. नव्या बेल्टवर बाण असतो; चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेला बाण हवा. आधी बेल्ट मागच्या पुलीवर घातला. तिथली स्प्रिंग जोरदार असते. बेल्टच्या वरच्या-खालच्या दोन्ही बाजू मुठीत आवळल्या की तो मागच्या पुलीच्या खाचेत खोल उतरतो आणि पुढे ढील मिळते. हे दोघांचे काम. एकाने आवळून धरायचे, दुसऱ्याने पुढे बेल्ट दांड्यावर चढवून थाळी, वॉशर, नट बसवायचे.

नट पिळण्याआधी सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाहायची. थाळी दांड्यावर पूर्ण आत बसली आहे ना? बेल्ट थाळी आणि आतल्या बुशमध्ये चिमटला असेल, तर नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण तो घट्ट नसतो. शंभर मीटरवर तो सैल होतो आणि दांड्याचे आटेच खाऊन टाकतो. लेकीने नट हाताने शेवटपर्यंत फिरवला, बेल्ट बोटाने हलवून पाहिला, तो मोकळा होता. मग पाइप चढवून नट आवळला. त्यानंतर बेल्ट मागच्या पुलीत वर कडेशी येईपर्यंत पुली हाताने फिरवत राहिली. झाकण लावले, पुठ्ठ्यावरचे बोल्ट ज्याच्या-त्याच्या जागी गेले आणि समोरासमोरचे आळीपाळीने घट्ट केले. पुठ्ठ्यात एकही बोल्ट उरला नाही.

मेन स्टँडवरच किक मारली. इंजिन सुरू झाले, ॲक्सिलरेटर किंचित दिला तसे मागचे चाक फिरले. धाकट्याला खाली ठेवून लेक एकटीच पुढच्या वळणापर्यंत जाऊन आली. आवाज नाही, वास नाही. चार वाजून चाळीस मिनिटे झाली होती.

निघण्यापूर्वी तुटलेला बेल्ट, दोऱ्यांचे तुकडे आणि काळा फडका पिशवीत भरला. धाकटा खाली जाऊन चाकाला लावलेला दगड उचलून कठड्यापलीकडे टाकून आला. घाटातून रात्री जाणाऱ्याला ठाऊक असते, बंद पडलेली गाडी निघून जाते आणि तिचे दगड रस्त्यात तसेच राहतात. पुढच्या दुचाकीवाल्याला ते दिव्यात दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. रस्त्यातली त्रास देणारी वस्तू दूर करणे हा ईमानचाच एक भाग, हे आपल्या घरांत मुलांना लहानपणी शिकवतात. कुंभार्ली घाटात त्याचा अर्थ अगदी साधा आहे. आपण ठेवलेला दगड आपणच उचलायचा.

हेळवाकला सव्वापाचच्या आत पोहोचलो. टपरीवाल्या चाचांना पाइप दिला तसे ते हसले आणि बाकाखाली बोट दाखवले. तिथे एक दोरखंड, एक जॅक, हवा भरायचा पंप आणि दोन पाने ठेवलेले होते. कोणीतरी कोणाला दिलेले, कोणीतरी आणून ठेवलेले, कोणीतरी न्यायला येणार असलेले. नोंद कुठेच नाही, सगळे त्यांच्या डोक्यात. त्यांनी बादलीभर पाणी दिले. काळे हात साबणाने तीनदा धुतले, वुजू केला आणि टपरीमागच्या मोकळ्या जागेत अस्रची कस्र नमाज पढली. चहाचे पैसे त्यांनी घेतले. पाण्याचे घ्यायला तयार झाले नाहीत.

पुढे कोयनानगर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप ज्यांनी अनुभवला, ती माणसे या पट्ट्यात अजून भेटतात. तो काळ आठवताना, रस्ते बंद असताना कोण कोणाकडे राहिले, हे ती आधी सांगतात. मगरिबला पाटणमध्ये थांबलो. सात वाजता कराडच्या आदिलशाही काळातल्या मशिदीचे उंच मनोरे काळोखात ओळखू आले. खाला दारातच उभ्या होत्या. त्यांनी लेकीच्या नखांतला काळा रंग पाहिला आणि आधी हात धरून आत नेले. रात्रीचे थेंब वेळेवर पडले. सकाळी सही झाली, शस्त्रक्रिया नीट पार पडली, अल्हम्दुलिल्लाह. त्याच दिवशी दुपारी कराडच्या एका गॅरेजमध्ये पुलीचा नट मोजून जोर देणाऱ्या टॉर्क पान्याने तपासून घेतला. रस्त्यावर हाताच्या अंदाजाने आवळलेला नट असा तपासणे गरजेचे असते.

ज्या वाचक भगिनी आणि बंधू स्कूटरने घाट चढतात, त्यांनी एवढे सोबत ठेवावे: गाडीच्या मापाचा बेल्ट, आठचा टी पाना, नटाची गोटी, लांब दांडा किंवा पाइप, पुलीचा होल्डर, कोरडा फडका आणि एक पुठ्ठा. मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत बेल्ट किती किलोमीटरवर तपासायचा आणि किती किलोमीटरवर बदलायचा हे दिलेले असते. घाटात रोज जाणाऱ्याने त्या आकड्याच्या आधीच बदलावा. आणि हे काम एकदा घराच्या अंगणात, दिवसाउजेडी, जाणकाराला शेजारी बसवून करून पाहावे. मुलींनाही शिकवावे. त्या गाडी चालवतात, तर ती उघडताही यायला हवी.

दोन दिवसांनी उतरताना आम्ही हेळवाकला थांबलो. पाइप गेला होता. “त्याच रातीला नेला,” चाचा म्हणाले. “इचारत हुता, पोरगी पोचली का म्हणून.” कराडच्या बाजारातून आम्ही एक आठचा टी पाना आणि दोन हात लांबीचा पाइप विकत आणला होता. चाचांनी तो घेतला, कोणाचा म्हणून विचारले नाही, आणि बाकाखाली जॅकच्या शेजारी ठेवला.